अठ्ठावीस फूट

आधी फ्रिजचं दार उघडायला लागलं
आपणहून, वळणावर.
मस्टर्डची बाटली पायाशी लोळत आली
आणि डेल्बर्ट म्हणाला, खिटी सैल असेल.
मग अंडी तव्याच्या एकाच कडेला धावू लागली.
आम्ही म्हटलं, जमीन उतरती असेल.
साउथ डकोटात असतेच ती कुठे कुठे.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात.
आमचे अकरा भरले.
बाराव्या दिवशी पुढच्या कोपऱ्यात,
भिंत आणि छप्पर भेटायला हवं तिथे,
मी पंचवीस सेंटचं नाणं सरकवून पाहिलं.
ते आत पडलं.
पडल्याचा आवाज बराच उशिरा आला.

एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली,
बर्फात, चिखलात,
मागे चाळीस पोरं ओकत, भांडत, गात.
गाडी कुठे कण्हते ते मला मणक्यातून कळतं.
पहिल्या दिवसापासून कळत होतं.
बोलले नाही,
कारण तो शिटी वाजवत होता.

घरी आल्यावर त्याने ओळंबा काढला,
बापाचा, पितळी,
निम्म्या गावाची कोठारं ज्याच्या शब्दावर उभी आहेत.
दाराच्या चौकटीला लावला. बघत राहिला.
मग पाठीवर झोपून ट्रेलरखाली सरकला
आणि बूट तेवढे बाहेर उरले.
अर्लीन, टॉर्च, म्हणाला.
नंतर काहीच नाही.

तुळईला पाइपसाठी भोक पाडलंय, माझा पंजा जाईल एवढं,
आणि तिथून एक चीर वर निघालीय.
आडव्या पट्टीला चार टाके हवेत तिथे दोन.
त्यातला एक लोखंडाला
नुसता शिवून गेलेला.

दुकानातला ट्रेन्टन, वय माझ्या नातवाचं,
म्हणाला, मॅडम, चालत्या घराने थोडं हलायचंच.
कारखाना म्हणाला, सांगाडा आमचा नाही, तो दुसरे बनवतात.
ते दुसरे म्हणाले, तुम्हीच ओझं जास्त भरलंत.
तेव्हा आम्ही ट्रेलर नेला मक्याच्या काट्यावर,
डेल्बर्टच्या गळांसकट, माझ्या रजयांसकट,
बिडाच्या तव्यासकट तोलला.
मर्यादेच्या सहाशे पौंड आत.
पावती धाडली, शिक्क्याची.
उत्तर आलं: काटा शेतमालाचा आहे.

हप्ते मात्र गुण्यात आहेत.
दर महिन्याच्या पाच तारखेला, काटकोनात,
अजून अकरा वर्षं चार महिने.

ग्रँड आयलंडच्या वकीलबाई म्हणाल्या, सगळं जपा,
फोटो, तारखा, कोण काय बोललं.
मी बुटांच्या खोक्यात जपते.
परवा डेल्बर्टने पोटाखालचा पत्रा उघडला
तर कापसातून एक हातमोजा पडला.
डाव्या हाताचा. लहान.
बोटांवर गोंद वाळलेला, अंगठ्याला भोक.
दिवसाला किती घरं येत असतील या हाताखाली?
तिला घाई होती की थंडी वाजत होती?
(ती असावी, असं मीच धरून चाललेय.)
खोक्यात घालावा की नाही, ठरत नाही.
सध्या तो धुऊन दोरीवर टाकलाय,
एका चिमट्याला.

शनिवारी लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली.
जाणार कुठे?
रुळांखालचे जुने ओंडके रचले, चार जॅक लावले
आणि अंगणातच त्यात झोपलो.
रात्री वारा सुटला.
फटीतून शेजारच्या कोठाराचा दिवा
बरोबर माझ्या उशीवर.
डेल्बर्ट कूस बदलण्याआधी सांगायचा,
वळतोय हं,
आणि मग वळायचा, सावकाश,
श्वास धरून.
भिंतीत कुठेतरी
माझं नाणं घरंगळलं.